ताप नव्हता

पलटणीत मी हवालदार होतो. सकाळी सिक रिपोर्टला, म्हणजे आजारपण सांगायला, जवान उभे राहायचे. मी एकच विचारायचो, "ताप आहे?" नसला तर म्हणायचो, "फॉल इन," आणि तो परत रांगेत जायचा. पेन्शनवर सुरतला आलो, पांडेसऱ्यात डाईंग मिलच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिलो, तरी ती सवय गेली नाही.

सिंधू माझी बायको. जुन्या काविळीनं तिचं लिव्हर सुकलं, सिरोसिस झाला. पोटात पाणी भरायचं. दारूचा थेंब तिनं कधी घेतला नाही, पण चाळीतले लोक माझ्या मिलिटरी कॅन्टीनच्या रमकडे बोट दाखवायचे. दाखवू दे.

डॉक्टरांनी बजावलं होतं, पोट दुखलं किंवा बोलण्यात घोळ झाला तर लगेच आणा. मी घरी वही केली. सकाळी सहाला ताप बघायचा, संध्याकाळी फौजी हिशेबानं अठराला बघायचा, लिहायचा.

सोमवारी सकाळी ती म्हणाली, "मना पोटमा दुखस."

थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

"ताप नाही. पडून राहा."

मंगळवारी संध्याकाळी तिनं विचारलं, "तुमनी सुट्टी कवा सरस?"

सुट्टी कधी संपते, हा तिचा टोमणा लग्न झाल्यापासून ऐकत आलो. म्हणालो, "आता कायमची मंजूर झाली." ती हसली नाही. उठून माझे कपडे पिशवीत भरायला लागली. मला वाटलं, नाटक करते. मी जेवून घेतलं.

बुधवारी सकाळी सहाला ताप बघायला गेलो, तर ती हलवली तरी उठेना. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. सुईनं पोटातलं पाणी काढलं, ते गढूळ निघालं. पाण्यात जंतू झाले होते. किडनीही बसली होती. मी वही पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी दोन पानं उलटली.

"काका, इस बीमारी में बुखार आए ही, ऐसा जरूरी नहीं. सोमवार को लाना था."

बोलण्यात काही चुकत होती का, असं त्यांनी विचारलं. मी सुट्टीचं सांगितलं. त्यांनी वही मिटून परत दिली.

शुक्रवारी अकरा वीसला सिंधू गेली.

वहीतली शेवटची ओळ माझ्या हातची आहे. मंगळवार, अठरा वाजता, ताप नाही. खाली सही पण केली आहे.

पलटणीतल्या आमच्या सेक्शनचे तिघं पहाडात लढताना पडले. झेंडावंदनाला त्यांची नावं मी मनात घेतो. यंदा चौथं सिंधूचं घेतलं. त्या तिघांना दुश्मनानं मारलं होतं.