खंडेनवमीची फळी

एकलहऱ्याजवळच्या आमच्या कारखान्यात काँक्रीट साच्यात ओतून कंपाउंडच्या भिंती तयार होतात. मी तिथली मॅनेजर. काँक्रीट ओतायची वेळ झाली की साचा आवळायचा पाना हमखास गायब. तो शोधेपर्यंत कालवलेला माल घट्ट व्हायला लागायचा. वेळ वाया, माल वाया, वर माझा घसा वाया. "प्रत्येक हत्याराला एकच जागा!" असं मी रोज ओरडायचे. सगळे माना डोलवायचे, आणि पाना पुन्हा कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीत.

मग खंडेनवमी आली. पूजेला कुणी आपलं हत्यार मागे ठेवत नाही. वर्षभर न सापडलेले पाने, थाप्या, हातोडे धुऊनपुसून हजर झाले आणि एका लांब फळीवर झेंडूची फुलं मिरवत ओळीने बसले. आरती संपताच मी रंगाचा डबा आणला आणि कुणी काही उचलायच्या आत प्रत्येकाभोवती रेघ ओढली. दसऱ्यानंतर हत्यारं अडकवायला फळीला खिळे मारून ती भिंतीवर लावली. पूजेतली जागा रिकामी ठेवायला कुणाचं मन धजेना. संध्याकाळी सगळी हत्यारं आपापल्या रेघेत.

पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या दारात त्याच रंगाने दोन पावलं काढलेली दिसली. फोरमन गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, तुमची बी जागा ठरवली. आता वरडायचं ते हितूनच."

सगळे बघत होते. मी चपला काढल्या, त्या पावलांवर नीट उभी राहिले आणि नाशिकरोडपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले, "आठवडाभर एकही पाना हरवला नाही! जिलेबी कोण आणतंय?"