दहा फुटांची खूण

गेल्या जानेवारीत पिशोरला भाचीच्या साखरपुड्यात मी काढलेल्या जवळजवळ सगळ्या फोटोंत माणसांचे चेहरे पुसट आले आणि मागची भिंत स्पष्ट आली. भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचता येत होते.

कॅमेरा डिजिटल, दोन वर्षांपूर्वी घेतलेला. लेन्स फिल्मच्या काळातली, हातानं फोकस करायची. वर्तमानपत्रात फोटोग्राफर होतो तेव्हा वीस वर्षं तीच वापरली. निवृत्तीनंतर अॅडाप्टर मागवला, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा जोडणारा धातूचा छल्ला. साखरपुडा हे या जोडीचं पहिलं काम.

फोटो घरी संगणकावर पाहिले तेव्हा माझा संशय लेन्सवर गेला नाही. आईला काचबिंदू होता. तिची नजर कडेकडेनं गेली आणि बरेच महिने ते तिचं तिलाच कळलं नाही. तेव्हा डॉक्टरांनी आम्हा भावंडांना दर वर्षी डोळे तपासायला सांगितलं होतं. मी साठी ओलांडली तरी एकदाही गेलो नव्हतो. साखरपुड्यात व्ह्यूफाइंडरमधून मला सगळे चेहरे ठीक दिसले होते. जे पुसट होतं ते मला पुसट दिसलंच नाही, असा अर्थ मी लावला. दवाखान्यात पुढच्या आठवड्याची वेळ घेतली. बायकोला काही बोललो नाही. बहिणीला फोटो निवडतोय म्हणून सांगितलं.

मधल्या दिवसांत कॅमेरा आणि लेन्स घेऊन शहागंजच्या बाजारात गेलो. तिथं घड्याळं आणि जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक वयस्कर कारागीर आहेत. माझे फिल्मचे कॅमेरे तेच उघडायचे. त्यांनी फोटो मोठे करून पाहिले. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

"साब, फोकस आँख से लगाया के उंगली से?"

बोटानं, हे मला कबूल करावं लागलं. आमच्या कामात व्यासपीठासमोर धक्काबुक्की असायची, कॅमेरा डोक्यावर धरून फोटो काढावे लागायचे. म्हणून फोकसच्या रिंगवर दहा फुटांच्या आकड्यापाशी मी चिकटपट्टीचा तुकडा लावला होता. बोट त्या तुकड्यावर गेलं की रिंग तिथंच थांबवायची, दहा फुटांवर उभं राहायचं. व्ह्यूफाइंडरमध्ये पाहायचं ते फक्त कोण चौकटीत आलं आणि कोण कापलं गेलं एवढंच. पिशोरलाही तेच केलं होतं.

त्यांनी गल्लीत टेप पसरला आणि दहा, अकरा, बारा, तेरा फुटांवर चहाचे रिकामे ग्लास ठेवले. मला खुणेवर फोटो काढायला लावला. तेराचा ग्लास स्पष्ट आला. मग व्ह्यूफाइंडरमधलं चित्र मोठं करायला लावलं आणि खूण सोडून डोळ्यानं फोकस करायला सांगितलं. दहाचा ग्लास स्पष्ट आला. छल्ला हवा त्यापेक्षा पातळ होता, त्यामुळं लेन्सवरचे आकडे खोटे पडत होते.

"तुम्हारी आँख बराबर है," ते म्हणाले. "बीस बरस की आदत है, वो अंधी है."

त्यांनी छल्ल्यात पातळ पत्र्याची चकती बसवली. मी ग्लास उचलून चहावाल्याला परत दिले. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती. तिथंच उभ्यानं खाल्लं.

तरी एक बाब उरली होती. छल्ला पातळ होता, हे सिद्ध झालं होतं. काचबिंदू नाही, हे झालं नव्हतं. दवाखान्याची वेळ मी रद्द केली नाही. येताना सोबत कुणीतरी हवं, असं तिथून कळवलं होतं, म्हणून त्या दिवशी सकाळी बायकोला सगळं सांगितलं. दोघं रिक्षानं गेलो.

आधी डोळ्यांचा दाब मोजला, मग कडेच्या नजरेची चाचणी झाली, मग थेंब घालून आतली नस पाहिली. थेंबांमुळं अहवालाचा कागद हातात असूनही मला वाचता येईना. तो तिनं घेतला.

"आठ दिवस लपवलंत," ती म्हणाली. "आता वाचायला मीच लागते ना?"

मग तिनं वाचलं. दोन्ही डोळ्यांचा दाब नॉर्मल. कडेची नजर नॉर्मल. काचबिंदूचं लक्षण नाही. पुढची तपासणी एका वर्षानं.