वाकळीच्या टाक्याची नोट

मामा शेवटचा बोलला ते भर बाजारात, ताडकळसला, आणि मी त्याच्या शेजारी पोत्यावर बसले होते. महिना होत आला. टायपिंगच्या क्लासात बसून हे भराभर बडवायलेय, दोन बोटं प्लास्टरात हायेत, चुका झाल्या तर होऊ द्या, थांबले की पुन्हा तेच दिसतं...

सुदाममामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. निजामाच्या राज्यातल्या हाली नोटा विकत घेणारा म्हणून त्याला लय लोक ओळखायचे. चारठाण्यापासून पिंगळीपर्यंत कुणाच्या पोथीत, देवाच्या फोटोमागं अशी नोट निघाली की ती त्याच्याकडं यायची, आणि त्याच्याकडून हैदराबादचे शौकीन न्यायचे. नोट हातात आली की तो आधी कानाजवळ नेऊन कोपरा हलवायचा. जुना कागद कडकडतो, धुतलेली नोट मुकी असते. मग सही बघायचा, मग उर्दूशेजारची मराठी अक्षरं, मग नोट उन्हात धरायचा. धुऊन इस्त्री केलेली दिसली की म्हणायचा, "आजोबाला पावडर लावून आणलंस की रं." लोक हसायचे. पण फाटकी नोट आली की मामा मस्करी करायचा न्हाई. शौकीन जिला हात लावत न्हाईत, तीच तो सगळ्यात जास्त वेळ बघायचा.

नामांतराच्या दंगलीत आमच्या जुन्या गावची वस्ती पेटवली तेव्हा मी वाकळीत गुंडाळलेली, आईच्या कडेवर होते. आजी पाय मोडून घरात पडलेली. तोंडं बांधलेले लोक आधी आत शिरले, तिच्या उशाची संदूक फोडली, तिच्या पायातले तोडे ओढून काढले, मग बाहेरून कडी लावून रॉकेल ओतलं. शेजाऱ्यांनी मामाला ज्वारीत दाबून धरलं होतं. सुटला तेव्हा आजीचा आवाज थांबला होता. त्यानं तापलेली कडी काढली, तळहाताची कातडी कडीलाच चिकटून राहिली. पोलिसांनी विचारलं, कोण होते ते. कुणालाच सांगता आलं न्हाई.

त्या संदुकीत दहाची एक हाली नोट होती. आजोबा आणि त्यांच्या भावाच्या ओढाताणीत मधोमध फाटलेली, आणि आजीनं सुई-दोऱ्यानं शिवलेली. वाकळीला घालायची तोच टाका, दोन आखूड, एक लांब. मामा म्हणायचा, "ती नोट ज्याच्या घरातून निघंल बाई, तो आत गेलता. त्यानं मायला जित्ती बघितलंय." नोटांचा सगळा धंदा त्या एका नोटेसाठी होता.

त्या दिवशी दिगंबर आला. आमच्याच जुन्या गावचा, मळणीयंत्राचा मालक, सोबत दोघं जण.

"काय नोटवाले, लय भाव द्यायलाय म्हणं तुमी."

"भाव नोटंला हाय, मला निसता चहा," मामा म्हणाला आणि त्यानं दिलेली नोट कानाशी नेली. मुकी. मागून कागदाची पट्टी चिकटवलेली. मामानं थुंकी लावून पट्टी सोडवली, दोन्ही तुकडे जुळवून नोट उन्हात धरली... आणि मधोमध उजेडाची भोकं दिसली. दोन जवळ, एक लांब. दोन जवळ, एक लांब.

"हिचा दोरा?"

"उसवला की. शौकिनाला शिवलेली चालत न्हाई म्हणं. रिठ्यानं धुऊन आणलीय."

"कुणाची?"

"घरचीच. आज्याची."

दिगंबरनं मागितले तेवढे पैसे मामानं दिले. घासाघीस न करता दिलेले मी पहिल्यांदा बघितले. नोट मुठीत धरून तो उठला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलला, "दिग्या, संदूक माझ्या मायच्या उशाला होती. तू तिच्या अंगावरून वाकून काढलीस. ती तुला नावानं हाक मारत आसंल."

दिगंबरनं शेजारच्या कांदेवाल्याचं लोखंडी वजन उचललं आणि मामाच्या कपाळात घातलं. ओला आवाज आला. सोबतच्यांनी पालाच्या काठ्या उपसल्या. मी मामाच्या अंगावर पडले तर एक काठी माझ्या हातावर बसली. ते मामाची मूठ उघडायला बघत होते, बुटानं तुडवत होते, त्याची बोटं मोडली पण मूठ उघडली न्हाई. कांद्यांवर रक्त उडालं, आणि एवढ्या बाजारातनं एकजण पुढं आला न्हाई. परभणीच्या दवाखान्यात मामा गेल्यावर नर्सबाईनं एकेक बोट सोडवलं.

जमादारानं नोट उलटीपालटी करून माझ्याकडंच फेकली. "दारूतली मारामारी हाय ही. आन् जुन्या आगीचं म्हणशील तर भोकावर नाव लिवलेलं आसतंय का?" दिगंबर जामिनावर सुटलाय.

मामाचं पोतं, भिंग आता आमच्या घरी हाय. माझ्या जन्माला आजीनं शिवलेली ती वाकळ आईनं परवा काढली. नोट तिच्यावर ठेवली, टाक्याला टाका लावून बघितला. मग सुईत लाल दोरा ओवला आणि शिवायला बसली. सुई आपोआप जायला लागली... नवं भोक एकबी पाडावं लागलं न्हाई.

तारखेला आई वाकळ घेऊन कोर्टात जाणार हाय. नोट तिच्यावरच शिवलीय.