टाकीचं कुलूप

मोठे टायर घालायचं खूळ माझंच. भिलाईत खुर्सीपारच्या टायरवाल्याकडे एका ट्रकला उंच टायर लागलेले पाहिले आणि मला चैन पडेना. आमचा एकच ट्रक, पोलादाच्या प्लांटमधून लोखंड भरून रायपूरला जाणारा. तो चालवायचे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. "जे माप हाय तेच राहू दे," ते म्हणाले. "मोठं चाक गाडीले ओढाले भारी जाईन." मी कुठला ऐकतो!

महिन्याभरात लिटरमागे चार किलोमीटर देणारी गाडी साडेतीनवर आली. टाकी फुल्ल करायची, मीटरवरचे किलोमीटर बघायचे, पुन्हा फुल्ल करायची आणि लिटरने भागायचं. आमच्या धंद्यात ड्रायव्हरची पारख याच गणितावर होते. मीटर खोटं बोलेल असं कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नाही. डिझेल जास्त लागतंय म्हणजे कोणीतरी काढून विकतंय, आणि गाडीवर तर भाऊजी एकटेच. हा विचार आल्याची मला लाज वाटली, पण तो जाईना. जेवताना, स्कूटरवर, सेक्टर सहाच्या बाजारात भाजी निवडताना मी मनात भागाकारच करत होतो. शेवटी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. भाऊजींनी कुलुपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते गाडीत चढले.

ॲव्हरेज तसूभरही वाढलं नाही. शहाण्याने तिथंच थांबावं. मी मात्र त्यांनी दुसरी किल्ली करून घेतली असेल असं धरून चाललो आणि रायपूरला काम आहे अशी थाप मारून केबिनमध्ये जाऊन बसलो.

भाऊजींची नजर रस्त्यावर. मला स्वस्थ बसवेना, म्हणून भिलाई-३ सोडल्यावर रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजू लागलो. वीस दगड मागे पडले, मीटर साडेअठराच पुढे सरकलं होतं. परतीला पुन्हा मोजले. तेच. मीटर मोजतं चाकाचे फेरे. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? अर्धीअधिक घट मीटरची, उरलेली जड टायरांची, भाऊजी म्हणाले होते तशी. म्हणजे माझीच.

खुर्सीपारला उतरल्या उतरल्या मी कुलूप काढायला गेलो. भाऊजींनी माझा हात धरला.

"राहू दे."

"कावून, भाऊजी? चुकलं माझं. टायरही उद्याच बदलतो."

"टायर बदल. कुलूप राहू दे. उद्या अजून काही कमी झालं, त तुले पहिले मीच दिसीन."

मी किल्ली पुन्हा खिशात घातली.

टायर कधीच बदलले, गाडी पुन्हा चार देते. डिझेल भरायचं असलं की भाऊजी फोन करतात. मी पंपावर जाऊन कुलूप उघडतो आणि टाकी भरेपर्यंत ते पाठ फिरवून उभे राहतात. ताईला त्यांनी यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्याकडे जेवायला जाताना मी किल्ली घरी काढून ठेवतो.