गेटवरची हजेरी

एक मे उजाडला की सकाळपासून मोबाइल घुरघुरत राहतो. फेटा, तुतारी, किल्ला, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा. अगदी तळाशी, उरलेल्या जागेत, कामगार दिनाच्याही. मी आता कुणाला उत्तर देत नाही. कंटाळा आलाय. एकाच मांडवात दोन लग्नं लावायची आणि एका नवरीला मागच्या ओसरीवर बसवून ठेवायचं, असं हे वर्षानुवर्षं चाललंय. जेवणावळीला आलेल्यांना त्याचं काही वाटत नाही.

माझे वडील बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. माझा मामाही तिथंच होता, गव्हाणीवर. गाड्यांतून उतरवलेला ऊस ज्या पट्ट्यावरून गाळपाला जातो, ती गव्हाण. एका हंगामात अडकलेली मोळी सोडवताना तो पट्ट्यात ओढला गेला. मामी दोन लेकरं घेऊन गेवराईकडं माहेरी गेली, आणि पुढं दरसाल दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाऊ लागली. ज्या उसानं नवरा नेला तोच ऊस तोडायला. पर्याय काय होता?

एक मेला कारखान्याच्या गेटवर युनियनचा लाल झेंडा लागायचा. भाषण फार नसायचं. मग युनियनचा पुढारी, कारखान्यात कामावर असताना जे गेले त्यांची नावं पुकारायचा. पाळी सुरू होताना टाइमकीपर पुकारतो तशीच, बापाच्या नावासकट. आणि प्रत्येक नावाला गेटवरची सगळी माणसं एका दमात ओरडायची, "हजर!"

मामी तेवढ्यासाठी यायची. तोडीवरून परतून चार दिवस झालेले नसायचे, पाय सुजलेले असायचे, तरी एसट्या बदलत यायची. आईनं एकदा विचारलं, एवढ्या उन्हात कशाला जिवाला त्रास?

"वन्सं, सालभर त्यांचं नाव कुणी घेत न्हाई," मामी म्हणाली. "मला तर घेताच येत न्हाई."

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तो गेल्यावरही ती सुटत नाही. म्हणून दुसऱ्यांनी घेतलेलं ऐकायला ती एवढ्या लांबून यायची.

मग दुष्काळाचं ते साल आलं. कॉलनीत पाण्याचा टँकर यायचा, तोही मनात येईल तेव्हा. उभा ऊस जनावरांच्या छावण्यांना गेला आणि कारखाना हंगामाच्या मध्येच थांबला. हंगामी कामगारांना पुढच्या साली बोलावणार की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. ते गेटवरच्या सभेत विचारलं जाणार, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं, चेअरमनलाही.

तोवर कारखान्याचं झेंडावंदन म्हणजे पाच-सहा साहेब, एक वॉचमन आणि सलामी. त्या साली नोटीस लागली. महाराष्ट्र दिन थाटात होणार, ऑफिससमोर, सकाळी आठला, म्हणजे नेमका गेटसभेच्या वेळेला. सर्व कामगारांची हजेरी घेतली जाईल, गैरहजर राहणाऱ्याचा पुढच्या हंगामात विचार होणार नाही. चेअरमन म्हणे बैठकीत बोलले, "तो कामगार दिन बाहेरच्या मुलखाचा, हा दिवस आपला." लाल झेंड्याचा बांबू गेटवरून निघाला आणि तिथं झेंडूच्या माळांची कमान उभी राहिली. युनियनच्या पुढाऱ्याला स्टेजवर खुर्ची मिळाली. तो बसलाही. मला आजही त्या खुर्चीचा राग येतो.

मामीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती नेहमीसारखी आली. मी तेव्हा बीडला कॉलेजात होते, सुट्टीला घरी आले होते. काही न सांगता मीच तिला ऑफिससमोर घेऊन गेले. शाळेच्या पोरी लेझीम घेऊन उन्हात ताटकळत होत्या. नवा टाइमकीपर रांगांपुढं उभा राहून एकेक नाव पुकारत होता आणि माणसं "हजर, हजर" म्हणत होती.

मामीचा चेहरा खुलला. तिला वाटलं, यंदा जागा बदलली एवढंच. पदर सारखा करून ती नीट उभी राहिली. नावं संपली. टाइमकीपरनं पेनाला टोपण लावलं.

"साहेब, एक राहिलं," मामी म्हणाली.

"कुणाचं?"

"गव्हाणीवरल्यांचं."

"नाव सांगा की बाई. लई उशीर झालाय."

मामीनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनंच नाव घेतलं. पूर्ण, सासऱ्याच्या नावासकट. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा, चारशे माणसांसमोर. रांगेतल्या जुन्या कामगारांच्या माना वळल्या.

टाइमकीपर नवा होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. "आलेत का ते?"

"न्हाई," मामी म्हणाली.

"मग गैरहजर."

रांगेतून कुणीही "हजर" म्हटलं नाही. माझे वडील तिसऱ्या रांगेत होते. त्यांचे ओठ हलले, पण चेअरमनची जीप आत आली होती. पुढं झेंडावंदन झालं, गीत झालं, हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले. या राज्यासाठी जे गेले त्यांच्यात गिरणी कामगारही होते. ते स्टेजवरून कुणी बोललं नाही. जिलेबी वाटली गेली. हंगामी कामगारांचं काय, हे विचारायचं राहून गेलं. त्यानंतर गेटवर सभा झाली नाही.

दुपारी आम्ही मामीला फाट्यावर सोडायला गेलो. एसटीची वाट बघताना तिनं विचारलं, "दाजी, म्या नाव घेतलं ते वंगाळ झालं का?" वडिलांनी मानेनंच नाही म्हटलं.

एसटी आली. मामी चढली, खिडकीशी बसली. कंडक्टर दार ओढणार, तोच वडिलांनी भर फाट्यावर मामाचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, पाळीला पुकारतात तसं. चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघायला लागली. वडिलांना असं ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज फाटला होता.

कंडक्टर दारात थबकला. "कोण राहिलंय मागं? थांबू का?"

आतून मामी म्हणाली, "कुणी न्हाई राहिलं. हजर हाईत. चला."

कंडक्टरनं घंटी मारली.