निखिलच्या कमरेचा पट्टा

माझा मृत्यू एका रविवारी दुपारी, कर्वेनगरात, मसालेभातानंतर होणार होता.

आमची सई खराडीला एका प्रयोगशाळेत काम करते. आकार बदलणारे पदार्थ हा तिचा विषय. जेवताना तिने तो आम्हाला समजावून सांगितला. उष्णता मिळाली की अशा पदार्थाला आपला शिकवलेला आकार आठवतो म्हणे! उद्या खुर्ची घडी होऊन पाकिटातून येईल आणि दिवाणखान्यात आपली आपण उभी राहील. हाड जुळत आलं की प्लास्टर स्वतःहून सैल होईल. इवलीशी जाळी रक्तवाहिनीत शिरेल आणि आत गेल्यावर उमलेल.

"आणि सांगितलेलं आठवणारे नवरे कधी येणार?" बायकोने वाढता वाढता विचारलं.

टेबलावर अशाच पदार्थाचा तिचा पट्टा होता. पाठदुखीच्या रुग्णांसाठी केलेला, एकुलता एक नमुना. संध्याकाळी तो डॉक्टरांना दाखवायचा होता आणि त्यावर तिच्या पुढच्या कामाची सगळी भिस्त होती. "बाबा, हात लावू नका," असं बजावून ती कोपऱ्यावर प्रिंट आणायला गेली.

मी हात लावला नाही. कमरेला लावला.

बक्कल खट्ट करून बसलं. आरशात मी एखाद्या सेनापतीसारखा दिसत होतो (निदान कमरेपर्यंत). मग खुर्चीत बसलो, आणि पट्टा आवळला! त्याच क्षणी मला आठवलं की सईने पट्ट्याला आकार शिकवला होता तो तिच्या प्रयोगशाळेतल्या निखिलच्या कमरेवर. हा निखिल म्हणजे शेवग्याची शेंग. माझ्या अंगाच्या उष्णतेने पट्ट्याला निखिल आठवत होता, आणि निखिलच्या आकारात मी मावणार नव्हतो!

मी बायकोला हाक मारली. तिने पाहिलं, कपाळाला हात लावला आणि बक्कल ओढलं. ते आत दाबल्याशिवाय उघडत नव्हतं, आणि दाबायला बोट शिरत नव्हतं. मला घाम फुटला. घाम म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे निखिल!

"गार काहीतरी आण," मी कसाबसा म्हणालो.

तिने फ्रीजमधल्या दुधाच्या पिशव्या आणून माझ्या पोटावर दाबल्या. मी शहारलो आणि पट्टा चक्क सैल झाला. माझा सिद्धांत खरा ठरला होता! पण सुटकेचा निःश्वास टाकला मात्र, पट्ट्याने दुप्पट त्वेषाने पकड घेतली. याला डावपेचही कळत होते.

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून शेजारचे देवधर पत्रा कापायची कात्री घेऊन आले. दार उघडायच्या आत हत्यार घेऊन येणारा हा पहिलाच शेजारी.

"कापू का?" त्यांनी विचारलं.

मी डोळे मिटले. आवाज जितका खोल नेता येईल तितका नेला. "नको. माझं काय व्हायचं ते होवो. पोरीची मेहनत आहे ती."

यावर कुणीतरी आग्रह करेल, निदान हुंदका देईल, अशी माझी अपेक्षा होती.

"बरं," म्हणून देवधरांनी कात्री खाली ठेवली आणि पेपर उघडला. बायकोने त्यांना मसालेभात खाणार का विचारलं. आमच्या संसारात माझं म्हणणं इतक्या तत्परतेने कधीच ऐकलं गेलं नव्हतं. मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली, पण भीतीने पुढची ओळ आठवेना. सगळं पट्ट्यालाच आठवत होतं!

दार उघडलं. सई आली. माझ्याकडे, दुधाच्या पिशव्यांकडे आणि कात्रीकडे तिने पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली. मला गहिवरून आलं.

"कापला नाहीत ना?" तिने देवधरांना विचारलं.

मग माझ्यासमोर बसून म्हणाली, "बाबा, पोट आत घ्या."

मी घेतलं. खट्ट. पट्टा तिच्या हातात आला.

"अगं, पण तो अंगाच्या उष्णतेने आवळत होता..."

"बाबा, तो उकळत्या पाण्यात टाकल्याशिवाय आकार बदलत नाही. तुम्ही उकळत होतात का?"

"मग मघापासून आवळत काय होतं?"

तिघंही अतिशय सभ्यपणे माझ्या पोटाकडे बघत राहिली.

मी ते आत ओढून घेतलं. पण आता सगळ्यांनी पाहिलं होतं.