शेवटच्या प्रकरणाची तार

कळंबमध्ये अफवा होती, की गोरखकाका वाचनालयातल्या पुस्तकांची शेवटची पानं फाडून बंब पेटवतात. ती खोटी आहे. मला नक्की माहीत आहे, कारण काकांच्याच आवाजात ती गावभर मी पसरवली होती.

खरं असं, की काका सकाळी पंपाच्या मोटारी रिवाइंड करतात आणि दुपारी चारला वाचनालय उघडतात. देतात फक्त खरोखर घडलेल्या घटनांची पुस्तकं, तीही शेवटचं प्रकरण तांब्याच्या तारेनं बांधून. "आधी शेवट बघनारा वाचक न्हवं, चोर हाय."

चिमाजीबाबांची मोटर जळाली तेव्हा काका म्हणाले, "मोटर मंगळवारी. तवर ह्ये घ्या बाबा. खाणीत तेहतीस मानसं आडकल्यात. वर समद्यांना वाटतंय, मेली."

बाबा सोमवारीच हजर. मोटारीचं नावसुद्धा नाही. "गोरख, पक्कड दे. तार सुटंना."

आवाज मी कुणाचाही काढते. पण काका गोष्ट अडवतात, तिथं बाबांची तंबाखू मळायची थांबते. तसं कुणाला थांबवणं मला अजून जमलेलं नाही.

गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीनं सांगितलं, महिनाअखेर तीस पुस्तकं बाहेर गेली तर वाचनालय राहील, नाहीतर खोली आमच्या लेझीम पथकाला, ढोल ठेवायला. शेवटच्या दिवशी रजिस्टरात एकोणतीस नावं होती. किल्ली घ्यायला मी दारातच बसले होते.

"समृद्धे, तुजं नाव लिवू का?"

"आमी न्हाई वाचत," मी त्यांच्याच आवाजात म्हटलं. "पैज लावा. गोष्ट सांगा. 'मग काय झालं' असं मी विचारलं, तर पुस्तक नेते आणि तुमची नक्कल कायमची बंद. न्हाई विचारलं, तर किल्ली आमची."

काकांनी किल्ली टेबलावर ठेवली. तिच्यावरचं बोट मात्र काढलं नाही.

"अठ्ठावीस जन. जहाज बर्फानं चिपाडावानी चिरडलं. होड्या वल्हवत कसंबसं एका बेटाला लागलं. तितं कुनी फिरकत न्हाई. मग सहा जन एक होडी घिऊन मदत आनाया निगालं. तेराशे किलोमीटर समुद्र, होडी दोन ट्रॉल्यांयेवढी. बावीस जन मागं. चौदा दिसांनी जमीन दिसली, आन् त्याच वक्ताला वादळ सुटलं."

एवढं बोलून काकांनी पंखा बंद केला आणि चप्पल शोधायला लागले.

"कुठं निघालात?"

"सहा वाजलं. वाचनालय बंद."

मी ओठ दाबून बसले. काका उंबऱ्यापर्यंत पोचले.

"मागच्यांनी खाल्लं काय?"

"पेंग्विन. आन् सील. ह्ये पैजंत बसत न्हाई."

त्यांनी कडीला हात घातला.

"मग आणली का मदत?"

"ह्ये बसतं," काका म्हणाले, आणि रजिस्टर उघडून माझं नाव लिहिलं. तिसावं.

आमचे ढोल अजून पथकातल्या प्राचीच्या गोठ्यात आहेत. काकांचा आवाज काढायला मला बंदी आहे, म्हणून हे लिहून काढलं. लिहिण्याचं पैजेत ठरलं नव्हतं.